आतून रंग मारून गेलेल्या कंत्राटदारास खुले पत्र

वॉटरप्रूफिंगवाले महाशय,

तुमचं नाव या पत्रात लिहीत नाही. लिहिलं तर लोक म्हणतील, ही बाई एका माणसाशी भांडतेय. पण बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत तुमच्यासारखे इतके जण पट्टी आणि पुट्टीचा डबा घेऊन सोसायट्यांचे जिने चढताहेत, की हे भांडण एका माणसाशी राहिलेलं नाही. तुम्हाला मात्र खूण पटेल. बोरिवली पश्चिमेची १९७९ सालची तीन मजली इमारत, दुसरा मजला, पश्चिमेची खोली. खिडकीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातून निघून आईच्या पलंगाच्या उशाशी उतरलेली ओल. तुम्ही तीन वेळा आलात, तिन्ही वेळा पैसे घेतलेत आणि तिन्ही वेळा पुढच्या पावसाळ्यात ओल परत आली.

या तीन भेटींत एक काम तुम्ही एकदाही केलं नाहीत. खाली उतरून, कंपाउंडमध्ये उभं राहून, मान वर करून ती भिंत बाहेरून बघितली नाहीत. दोन मिनिटांचं काम होतं. त्याला पैसे लागत नाहीत, परांची लागत नाही.

पहिल्यांदा आलात ते २०१६च्या ऑक्टोबरात. भिंतीचा एक पोपडा नखाने काढलात, बोटांत चुरडलात आणि म्हणालात, "सीपेज आहे. आतून मारून देतो, दहा वर्षं बघायला नको." पोपडे खरवडले, केमिकलचे दोन हात दिले, वर पुट्टी, वर रंग. दिवाळीला भिंत झकास दिसत होती. पुढच्या जुलैत तुम्ही केमिकल मारलेला भाग कोरडा राहिला आणि ओल त्याच्या फूटभर पलीकडे फुटली. फोन केला तर तुमचं उत्तर तयार होतं: ही नवी जागा आहे, ती गॅरंटीत येत नाही.

महाशय, जागा नवी असेल, पाणी तेच होतं. पाण्याला भिंतीत शिरायची वाट मोकळी होती, तुम्ही फक्त बाहेर पडायची वाट बुजवलीत. अडलेलं पाणी बाजूने वाट काढतं, हे शेतात पाट काढणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. तुम्ही तर त्याच पाण्याच्या धंद्यात आहात.

दुसऱ्या भेटीबद्दल मात्र मी तुम्हाला कधीच माफ करणार नाही. २०१८च्या त्या भेटीत तुम्ही छताकडे बोट दाखवून म्हणालात, "वरच्यांचं बाथरूम गळतंय." वरच्या मजल्यावरच्या काकू आणि माझी आई यांचं चाळीस वर्षांचं येणं-जाणं. एकीचा दोडका दुसरीच्या कढईत, एकीची किल्ली दुसरीच्या खुंटीला. तुमच्या एका वाक्यावर आईने सोसायटीकडे तक्रार दिली. काकूंनी पेन्शनीतून बाथरूमची फरशी फोडून नवी घातली, न्हाणी ट्रॅप बदलला, कोपऱ्यांना वाटे घातले. पुढच्या पावसात आमची भिंत जशीच्या तशी ओली. काकूंचं बाथरूम इमारतीच्या पूर्वेला आहे, आमची ओल पश्चिमेला. मधे दोन खोल्या आणि एक पॅसेज. तुम्ही वर जाऊन बघितलंही नव्हतं. त्यानंतर सहा महिने काकू आईशी बोलल्या नाहीत.

बाथरूमची गळती आहे की नाही हे कळायला फरशी फोडावी लागत नाही. बाथरूमची गळती पावसाची वाट बघत नाही, ती बारमाही असते. एप्रिलमध्ये, बाहेर ऊन रणरणत असताना भिंत ओली असेल तर नळ, पाइप, ट्रॅप यांच्यावर संशय घ्यायचा. संशय आला की ट्रॅपमध्ये रंगाचं पाणी सोडायचं आणि दोन दिवस वाट बघायची. आमची ओल एप्रिलमध्ये सुकून नुसता पिवळा डाग उरायचा. एवढं विचारलं असतंत तरी काकूंची फरशी वाचली असती.

तिसऱ्या भेटीत, २०२१मध्ये, तुम्ही प्लायवूडचं पॅनेलिंग सुचवलंत. "दिसणारच नाही" हे तुमचे शब्द. ओल दिसत नव्हती हे खरं. दीड वर्षाने पलंग सरकवला तेव्हा पॅनेलच्या खालच्या फटीतून कुबट वास आला. सुताराला बोलावून एक फळी काढली. मागे काळीशार बुरशी, वरपासून खालपर्यंत, आणि भिंतीच्या पायथ्याशी लोणा, पांढऱ्या क्षारांचा बोटभर जाड थर. त्याच फळीला डोकं टेकून माझी आई दीड वर्ष झोपत होती. तिला दमा आहे. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, घरात ओल आहे का. जागतिक आरोग्य संघटनेने घरातली ओल आणि बुरशी यांवर २००९ साली मार्गदर्शक पुस्तिकाच काढली आहे. ओलसर घरात राहणाऱ्यांना दम्याचा, श्वासाचा त्रास जास्त होतो, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. तुम्ही ते पुस्तक वाचावं असं मी म्हणत नाही. ओलीसमोर लाकूड ठोकू नये, एवढं सुताराच्या हाताखालचा पोरगाही सांगतो.

त्या दिवशी मी ठरवलं की आता या भिंतीला हात लावण्याआधी ओल कुठून येते ते शोधायचं.

२०२३च्या जूनमध्ये मी पेन्सिल घेतली. ओलीच्या कडेने रेघ मारायची, रेघेजवळ तारीख-वेळ लिहायची आणि वहीत पाऊस कसा पडला ते टिपायचं: सरळ की वाऱ्याचा, वारा कुठल्या दिशेचा. सप्टेंबरपर्यंत भिंतीवर रेघांची वर्तुळं उमटली, झाडाच्या बुंध्यातल्या वर्षांच्या कड्यांसारखी. वही वाचल्यावर सगळं उघड झालं. दिवसभर सरळ पाऊस कोसळला तरी रेघ हलत नव्हती. पश्चिमेची झड लागली की तीन-चार तासांत ओल पुढे सरकायची. पाणी बाहेरच्या भिंतीतून येत होतं. छत, काकू, आमचे पाइप, कुणाचाही त्यात हात नव्हता.

पश्चिमेच्या झडीचा विचार करताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. २०१५पर्यंत या भिंतीला कधी ओल नव्हती. मग २०१६लाच काय झालं? आमच्या पश्चिमेला एक बैठी चाळ आणि तिच्यामागे दोन मोठे आंबे होते. २०१५च्या अखेरीस चाळ पाडली, आंबे गेले. छत्तीस वर्षं ज्या भिंतीला आडोसा होता, ती खाडीवरून येणाऱ्या वाऱ्यासमोर उघडी पडली. "ओल केव्हापासून आहे?" हा प्रश्न तुम्ही तिन्ही भेटींत विचारला नाहीत. वैद्य नाडी धरायच्या आधी हाच प्रश्न विचारतो.

आपल्या उपनगरांचा पाऊस काय आहे, हे तुम्हाला मी सांगावं? सांताक्रूझच्या वेधशाळेत जून ते सप्टेंबरची सरासरी सव्वादोन हजार मिलिमीटरच्या वर आहे. २६ जुलै २००५ला तिथेच चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर नोंदला गेला. आणि नैर्ऋत्येचा वारा हा पाऊस आडवा करून भिंतीवर फेकतो. कोकणात आजोळी मिरगाआधी पश्चिमेच्या भिंतीला झावळ्यांची झापं बांधली जायची. आजोबा ती स्वतः विणायचे. मातीच्या भिंतीला झड लागू द्यायची नाही, हे त्या अंगठेबहाद्दर माणसाला कळत होतं.

२०२४च्या मार्चमध्ये एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी शेवटची खात्री करून दिली. त्यांनी गच्चीवरून पाइप सोडला आणि भिंतीवर पाणी मारायला खालून सुरुवात केली. एक पट्टा, अर्धा तास. मग त्याच्यावरचा पट्टा, पुन्हा अर्धा तास. मी आत भिंतीला हात लावून बसले होते. खिडकीखाली काही नाही. खिडकीच्या बाजूला काही नाही. पाणी खिडकीवरच्या बीमच्या रेघेपर्यंत गेलं, आणि दीड तासात माझ्या तळव्याला गारवा लागला. वरून सुरुवात केली असती तर पाणी ओघळून सगळीच भिंत भिजली असती आणि काहीच कळलं नसतं. खालून वर जायचं. पाणी आणि पाइप, बाकी सामान नाही. एक दुपार लागली. तुम्ही पाच वर्षांत ही एक दुपार दिली नाहीत.

परांची बांधल्यावर मीही वर चढले. मिस्त्री हातोडीच्या दांड्याने प्लास्टर वाजवत निघाले. टण, टण, टण, आणि बीमजवळ आल्यावर बद्द. तिथे एक आडवी भेग होती, पोस्टकार्डाची कड जाईल एवढी. खालून नजरेला दिसतही नव्हती, पण तिच्याखाली जो काळा ओघळ होता तो कंपाउंडमधून दिसत होता. मान वर केली असतीत तर.

ही भेग तिथेच का, हे आता मला कळतं. वर काँक्रीटचा बीम, खाली विटांची भिंत. उन्हात दोन्ही तापतात, पण सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. त्यांच्या सांध्यावर प्लास्टर घालताना जाळी ठोकायची असते, दोन्ही बाजूंना चार-सहा इंच जाईल अशी. १९७९ला ती ठोकली नव्हती. प्लास्टरही नुसत्या कडक सिमेंटचं. त्यात चुना असता तर ते जरा लवचीक राहिलं असतं. मग सांध्यावर केसाएवढी भेग. बारीक भेग जास्त वाईट, कारण ती पाणी स्वतःहून आत ओढून घेते, दिव्याची वात तेल ओढते तशी. वारा मागून रेटतोच. आणि त्या भेगेवर सोसायटीने २०१४ला चकचकीत रंग दिला होता, तुमच्याच एका धंदाबंधूकडून. रंगाखाली शिरलेलं पाणी बाहेर वाळू शकत नाही. नऊ इंची वीट भिजली की सुकायला महिने लागतात. बाहेर रंग, आत तुमचं केमिकल, मधे सात पावसाळ्यांचं पाणी.

ते पाणी गेलं कुठे ते ऐका. मिस्त्रींनी बद्द वाजणारं प्लास्टर उतरवलं. वीट काळी, नखाने भुगा होणारी. बीमच्या तळाचं काँक्रीट हाताने निघालं. आतली सळई भिजून वाळलेल्या रद्दीसारखी पापुद्र्यापापुद्र्यांनी सुटत होती. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. तो आतून काँक्रीटला ढकलतो, काँक्रीट फुटतं, आणखी पाणी शिरतं. सोसायटीने बोलावलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरनी ताज्या तुटलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन फवारलं. निरोगी काँक्रीट त्याने गुलाबी होतं. आमच्या बीमवर कडेपासून सळईच्याही मागपर्यंत रंगच आला नाही, गुलाबी रेघ त्यापुढे सुरू झाली. म्हणजे लोखंडाची राखण करणारा काँक्रीटमधला अल्कधर्मीपणा केव्हाच संपला होता. मी परांचीच्या फळीवर उभी राहून ती रेघ बघत होते. खाली, त्याच बीमच्या आतल्या बाजूला, आईचा पलंग होता.

१९ ऑगस्ट २०२२ आठवतो? दहीहंडीचा दिवस. आमच्या बोरिवली पश्चिमेतच, साईबाबा नगरात, गीतांजली ही चार मजली इमारत पत्त्यांसारखी बसली. ती मोडकळीला आली म्हणून आधीच रिकामी केली होती, म्हणून जीव वाचले. ती का पडली यावर मी बोलणार नाही, पण त्या संध्याकाळी आमच्या जिन्यात प्रत्येक जण स्वतःच्या भिंतीकडे बघत होता, आणि आमची भिंत प्लायवूडने झाकलेली होती.

आमच्या सोसायटीला मी सोडत नाही. गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी सांगतात की ३० वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर तीन वर्षांनी व्हायला हवं. मुंबई महानगरपालिका अधिनियमाचं कलम ३५३ब सुद्धा ३० वर्षं झालेल्या इमारतीकडून तपासणीचा दाखला मागतं. आमची इमारत २००९लाच तिशीत गेली, आणि पहिलं ऑडिट २०२३ला झालं, तेही मी तीन सर्वसाधारण सभांत उभी राहिल्यावर. बाहेरच्या भिंतीची दुरुस्ती आणि पावसाच्या पाण्याची गळती हा खर्च उपविधींप्रमाणे सोसायटीचा. त्यासाठीच बांधकाम खर्चाच्या पाऊण टक्का दरसाल दुरुस्ती निधी आणि पाव टक्का सिंकिंग फंड गोळा करायचा असतो. आम्ही मात्र घरातल्या घरात स्वतःच्या खिशातून तुम्हाला पैसे देत राहिलो. कमिटीला ते सोयीचं होतं. तुम्हालाही.

तुम्ही एकदा अभिमानाने सांगितलं होतंत की वझिरा गावठाणातलं एक जुनं कौलारू घर तुम्ही सिमेंटने "पक्कं" करून दिलं. ते मी बघून आले. चुन्याचा गिलावा पाणी थोडं पितो आणि उघडीप पडली की सोडून देतो. त्या घराचे वळचणीचे पाखे पुढे आलेले, पागोळ्या भिंतीपासून हातभर लांब पडायच्या. तुम्ही चुना खरवडून सिमेंट थापलंत. आता सिमेंट मऊ विटेपासून सुटलंय, मागे पाणी साचतंय आणि जोत्यापासून तीन फुटांपर्यंत लोणा चढलाय. जमिनीतून चढणारी ओल आणि भिंतीतून शिरणारी ओल यांत तुम्हाला फरक करता आला नाही. त्या घराचं जेवढं बरं चाललं होतं, तेवढंही तुम्ही ठेवलं नाहीत.

आमच्या भिंतीचं काम दीड महिना चाललं. बद्द प्लास्टर विटेपर्यंत उतरवलं, दरजा खरवडल्या. सळया घासून त्यांना गंजरोधक लेप दिला, खाल्लेली सळई बदलली, पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने बीम भरला. सांध्यावर गॅल्व्हनाइज्ड जाळी. प्लास्टर दोन थरांत, आणि मिस्त्रींनी सात दिवस सकाळ-दुपार-संध्याकाळ पाणी मारलं. रविवारीही आले. छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तुटायला खाच कोरली, म्हणजे थेंब भिंतीकडे न वळता खाली पडतो. या खाचेला खर्च जवळपास काही नाही, आणि मूळच्या बांधकामात ती एकाही छज्ज्याला नव्हती. पावसाच्या पाण्याचा पाइप भिंतीला चिकटलेला होता, तो दोन इंच बाहेर घेतला. भिंतीत उगवलेलं पिंपळाचं रोप नुसतं छाटलं नाही, मूळ शोधून काढलं.

आणि आतून? आतलं जुनं प्लास्टर उतरवलं, त्यापुढे मिस्त्रींनी काही करू दिलं नाही. "ताई, एक वर्ष भिंतीला श्वास घेऊ द्या," म्हणाले. २०२४चा पावसाळा आम्ही उघड्या विटांच्या खोलीत काढला. २०२५च्या मार्चमध्ये, वीट कोरडी झाल्यावर, आत नवं प्लास्टर केलं आणि वर साधा चुना दिला.

तुमचा फोन लागत नाही. गॅरंटी दहा वर्षांची होती, नंबर त्याआधीच बंद झाला. म्हणून हे पत्र उघडं लिहिलं. अंधेरीत, घाटकोपरला, मुलुंडला, कुठल्या तरी घरात आज तुम्ही पट्टी हातात घेऊन उभे असाल आणि तिथली एखादी आई पलंग सरकवून तुम्हाला जागा करून देत असेल. डबा खाली ठेवा. ओल केव्हापासून आहे ते तिला विचारा. मग जिना उतरा, कंपाउंडमध्ये जा आणि ती भिंत बाहेरून बघा. आणि वरच्यांचं नाव घेण्याआधी वर जाऊन या.

बोरिवली पश्चिमेच्या दुसऱ्या मजल्यावरची,
तुमच्या तीन पावत्या जपून ठेवणारी एक सभासद

ता. क. पेन्सिलच्या रेघा जुन्या प्लास्टरबरोबर गेल्या, वही आहे. २०२५च्या जून ते सप्टेंबरच्या पानांवर पावसाच्या नोंदी आहेत, ओलीची एकही नाही. काकू पुन्हा येतात, त्याच खोलीत बसतात.